छोट्या नळाचं पाणी

मशीनवर नारिंगी दिवा दिसला तेव्हा कोरलीला आधी वाटलं, ऊन असेल. सकाळचं ऊन खिडकीतून ओट्यावर येतं आणि नसलेले दिवे लावून जातं. तिने हात आडवा धरून सावली केली. दिवा होताच. नऊ वर्षं रोज या मशीनची कॉफी पीत आलो आणि तिथे दिव्याला जागा आहे हेही आपल्याला माहीत नव्हतं, याचं तिला नवल वाटलं. ज्याच्याशेजारी जन्मभर झोपलो त्याच्या कानामागे तीळ आहे हे एखाद्या सकाळी न्हाव्याने सांगावं, तसं. मशीन काही बोलत नव्हतं. कळ दाबली की दिवा दोनदा लुकलुकत होता आणि कॉफी येत नव्हती. केल्विन घरी असता तर त्याने बघितलं असतं. सकाळी तोच आधी उठतो, मशीन तोच सुरू करतो, आणि कोरली गाऊन सावरत येते तोवर कप भरलेला असतो. पण केल्विन गुडघा बदलून घ्यायला दवाखान्यात होता आणि आज दुपारी टेगन, त्यांची मुलगी, त्याला घेऊन येणार होती. नवा गुडघा घेऊन नवरा घरी येणार आणि घरात कॉफी नाही, हे काही बरं दिसत नव्हतं. तिने टेगनला फोन लावला.

"क्षार झालेत, मम. साफ कर म्हणतंय ते," टेगन म्हणाली. ती गाडीत होती. मागे तिची दोन्ही मुलं कशावरून तरी एकमेकांच्या जिवावर उठली होती.

"आपल्याकडे कुठले आलेत क्षार? मी छोट्या नळाचं पाणी घालते."

"माहितीये गं बाई. तुझं पावसाचं पाणी, देवाघरचं. पण मशीनला काय कळतंय ते? इतके कप झाले की दिवा लावायचा, एवढंच त्याला ठाऊक. टाक एकदा करून. सरबताचं लिंबूसत्त्व असेल ना घरात?"

"व्हिनेगर नको?"

"नको. डॅड म्हणेल, गुडघा नीट केला आणि बायकोने लोणच्याची कॉफी पाजली."

कोरली हसली. मागच्या अंगणातल्या लिंबाला इतकी लिंबं लागत की सरबत केल्यावाचून इलाज नसे, त्यामुळे ते टिकवायला लागणाऱ्या लिंबूसत्त्वाचा डबा घरात कायमचा होता. मशीनची पाण्याची टाकी काढून तिने त्यात चार चमचे टाकले, छोटा नळ सोडला आणि पांढरे कण विरघळताना बघत राहिली. काही घाण नसलेली वस्तू धुवायला काढली की माणसाला जसं थोडं शहाणं, थोडं रिकामटेकडं वाटतं, तसं तिला वाटत होतं.

या घरात दोन नळ आहेत. मोठा नळ शहराच्या पाण्याचा. त्यात भांडी धुवायची, बटाटे उकडायचे, फरशी पुसायची. त्याच्याशेजारी वाकड्या मानेचा, बगळ्यासारखा छोटा नळ. तो मागच्या अंगणातल्या टाकीचा. छपरावरचं पाणी पन्हळीतून टाकीत उतरतं आणि टाकीतून या नळात. पोटात जायचं ते याचंच. अ‍ॅडलेडमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत, पण केल्विनच्या माणसांच्या, हाइन्रिखांच्या घरात हे नुसतं पाणी नव्हतं, सोवळं होतं. पहिल्यांदा ती या घरी आली ती केल्विनची मैत्रीण म्हणून. तिचं गाव व्हायाला, पोलादाच्या कारखान्याचं, जिथे पाणी मैलोन्‌मैल नळातून यायचं आणि कुणाला त्याची लाज वाटत नसे. पोरीने मदत करावी म्हणून ती उठली, किटली मोठ्या नळाखाली धरली, चहा केला. केल्विनची आई हिल्डा, मोठ्या हाडाची, कमी बोलणारी बाई. तिने कप उजेडात तिरपा धरला. चहावर पातळ साय धरली होती, रस्त्यावरच्या डबक्यात तेल पसरतं तशी. हिल्डाने सगळ्यांचे कप एकेक करून उचलले, सिंकमध्ये ओतले, छोट्या नळाखाली किटली धरली आणि एवढंच म्हणाली, "पाहुण्यांना आम्ही हे देत नाही." तेव्हा कोरली स्वतःच पाहुणी होती. त्या वाक्यात आपण पाहुणे की यजमान हे तिला आजवर कळलेलं नाही, पण त्या दिवसापासून तिने जीभ कमावली. नव्याने व्रत घेतलेली बाई जुन्यांपेक्षा कडक पाळते. दोन वर्षांत ती एका घोटात सांगू लागली, हे टाकीचं, हे नळाचं. बाहेर कुठे कॉफी प्यायली की पहिल्या घोटाला तिची उजवी भुवई वर जायची आणि टेगन टेबलाखाली तोंड लपवायची. ख्रिसमसला डोळे बांधून तिच्यापुढे दोन ग्लास ठेवायचे हा घरातला खेळ होता. ती कधी चुकली नाही. पुढे कधीतरी तो खेळ बंद पडला. पुरे झाला आता, दरवर्षी काय तेच, असं केल्विनच म्हणाला होता.

मशीन घरघरलं. पहिला कप स्वच्छ आला. बघ, ती मनात म्हणाली, कुणाला तेही तिला माहीत नव्हतं. मग मशीनच्या पोटात काहीतरी अडखळलं, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत खोकला अडखळावा तसं, आणि तोटीखालच्या काचेच्या वाडग्यात गढूळ, दुधट पाणी पडू लागलं. त्यातून एक कपची आली. मग आणखी. मग बऱ्याच, एकावर एक, अंड्याचं टरफल चुरगळून टाकावं तशा पांढऱ्या, पातळ, कडा धारदार. वाडग्याच्या तळाशी त्यांचा थर बसला. कोरलीने एक कपची नखाने उचलली आणि चिमटीत दाबली. खडूसारखी तिची पूड झाली.

ही पूड तिच्या ओळखीची होती. व्हायालाच्या घरी किटलीच्या तळाशी हीच असायची. आई किटलीत काचेची एक गोटी टाकून ठेवायची, म्हणजे क्षार किटलीला न धरता गोटीला धरतील. गोटी वर्षभरात पांढरी, खरखरीत आणि दुप्पट मोठी व्हायची, आणि कोरलीला लहानपणी वाटायचं की पाणी हे असं काहीतरी वाढवणारं असतं. पण ते नळाचं पाणी. पावसाला कुठून येणार खडू? ढगात कुठे डोंगर असतो? ती वाडग्याकडे बघत उभी राहिली. तिचे कान तापले होते. हिशेब अगदी साधा होता, शाळेतल्या पोराने केला असता, पण तिचं मन दाराशी येऊन आत पाय टाकत नव्हतं. मशीन बिघडलं असेल. आतलं काही झिजलं असेल. मग तिचे गुडघेच आधी वाकले. सिंकखालचं कपाट उघडून ती फरशीवर बसली आणि साबणाच्या बाटल्या, कांद्यांची टोपली, फडकी एकेक करून बाहेर काढू लागली.

छोट्या नळाची नळी खाली उतरत होती, निळ्या डब्यातल्या कोळशाच्या फिल्टरमधून जात होती, इथवर तिला माहीत होतं. दर शरद ऋतूत केल्विन त्या डब्यातला कोळसा बदलायचा. टाकीचं पाणी जरा मातट लागतंय, म्हणायचा. पण फिल्टरच्या पलीकडे नळीने भिंतीतल्या भोकाकडे जायला हवं होतं, अंगणाकडे, टाकीकडे. ती तिथे जात नव्हती. ती वळून मोठ्या नळाच्या पाइपाला मिळाली होती. तीन तोंडांचा पितळी जोड, नीट घट्ट केलेला, त्यावर पांढरी पट्टी सफाईने गुंडाळलेली. भिंतीतलं भोक बुजवून वर रंगही मारला होता. केल्विनचं काम. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाचे हात, वळण कुठे आणि किती घ्यायचं ते बरोबर ओळखणारे. पितळ काळवंडलं होतं. काल-परवाचं नव्हतं ते.

ती उठली. छोट्या नळाचं पाणी ग्लासात घेतलं आणि एक घोट घेतला. डोळे मिटून, जिभेवर घोळवून, हिल्डाने शिकवलं होतं तसा. पाणी नेहमीसारखं लागलं. गोड, गार, टाकीसारखं. हेच भयंकर होतं. काही वेगळं लागलं असतं तर ती कुणावर तरी रागावू शकली असती. टेगनच्या लग्नात, हॉटेलात, व्याह्यांच्या घरी ज्या जिभेने तिने भुवया उडवल्या, ती जीभ इतकी वर्षं खडू पीत होती आणि वा वा म्हणत होती. हे बाहेर कळलं तर लोक हसतील, हा पहिला विचार आला, आणि तो विचार निदान हलका तरी होता. दुसरा विचार सावकाश आला. का? माणूस बायकोपासून बाई लपवतो, जुगार लपवतो. पाणी कोण लपवतं?

आणि कधीपासून? ती ओट्याला टेकून उभी होती आणि समोर मशीन उघडं पडलं होतं, पोट कापलेलं, तोटीतून थेंब गळत असलेलं. हे मशीन घरात येण्याआधी या घरात कॉफी नव्हती. चहा होता. सकाळी, अकराला, चारला, चहा. पाणी म्हणून पाणी तर कोरली पीतच नसे, तिचं सगळं पाणी चहातून. मग एका संध्याकाळी केल्विन हे भलंमोठं खोकं छातीशी धरून आला, लाजल्यासारखा, आणि म्हणाला, "कोरा, तू सगळ्यांचं करत असतेस. हे तुझ्यासाठी." तिने त्या खोक्यावर डोकं ठेवून रडून घेतलं होतं. लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्याने तिला न मागता दिलेली ती पहिलीच वस्तू. मैत्रिणींना तिने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की टेगन म्हणायची, आली, खोक्याची गोष्ट आली. किटली त्यानेच चर्चच्या दुकानात देऊन टाकली. आता कोण पितंय चहा, म्हणाला. आता तिला दिसलं. नळाच्या पाण्याच्या चहावर साय धरते. कोळसा क्लोरिनचा वास काढतो, खडू काढत नाही. पहिल्याच कपाला कोरलीने तो कप उजेडात तिरपा धरला असता. कॉफीवर फेस असतो. फेसाखाली काहीही खपतं.

म्हणजे मशीन प्रेमाने आलं नव्हतं. झाकण म्हणून आलं होतं.

ती टेबलापाशी बसली. संध्याकाळ कुठली होती ती? तिने इतक्यांदा सांगितलेल्या गोष्टीत संध्याकाळ नेहमी असायची, त्यामुळे तारीख सांगायची वेळच आली नव्हती. त्या संध्याकाळी फ्रिजवर फुलं होती. पांढरी लिली, कुणीतरी आणलेली, ओट्यावर जागा उरली नव्हती म्हणून फ्रिजवर ठेवलेली. तिच्या आईच्या अंत्यविधीची फुलं. अजून ताजी होती.

आई, आयव्ही, त्या उन्हाळ्यात मागच्या खोलीत राहायला आली होती. शहाऐंशी वर्षांची, पण जीभ शाबूत. व्हायालाचं घर विकल्यावर ती प्रत्येक गोष्टीत खोड काढायची आणि कोरलीला ते आवडायचं, कारण खोड काढते म्हणजे जिवंत आहे. गरमी भयंकर होती. कोरली तिच्या उशाशी छोट्या नळाचा गार ग्लास भरून ठेवायची, दिवसातून किती वेळा तरी. आई नाक मुरडायची.

"मला त्या मोठ्या नळाचं दे की गं. याला कसलातरी वास येतोय."

"मम, तुला चांगल्याची सवयच नाही. यंदाचं पाणी तर साखरेसारखं गोड आहे. चहा बघ कसा होतोय."

"गोड आहे खरं. म्हणून तर म्हणते."

दोघी हसल्या होत्या. मग आईचं पोट बिघडलं. मग ते थांबेना. दवाखान्यात नर्सने विचारलं, पाणी कुठलं पितात, आणि कोरलीने मान ताठ करून सांगितलं, आमच्या टाकीचं, पावसाचं. म्हाताऱ्या माणसांना उकळून द्यावं, नर्स म्हणाली. कोरलीला आपण तेव्हा हसलो होतो ते आठवलं, त्या हसण्याचा आवाज आठवला, नाकातून आलेला छोटासा आवाज, हिल्डाचाच. शहाऐंशीव्या वर्षी अंगातलं पाणी जातं आणि मागोमाग हृदय जातं, डॉक्टर म्हणाले. त्यात काही विशेष नव्हतं. सगळे म्हणाले, छान जगली, हालहाल नाही झाले. कोरलीही म्हणाली. नऊ वर्षं म्हणत होती.

दारात गाडी थांबली तेव्हा वाडगा ओट्यावरच होता, सिंकखालचं कपाट उघडं, फरशीवर कांदे. टेगनने बापाला आतपर्यंत आणून सोडलं. "घे, तुझा लोखंडी माणूस. पोरं गाडीत आहेत, एकमेकांना खातील, पळते मी." तिने आईच्या गालाला गाल लावला, कांद्यांकडे बघून म्हणाली, "मम, एक मशीन साफ करायचं होतं, घर नव्हे," आणि गेली. केल्विन कुबड्यांवर उभा राहिला. त्याने वाडगा बघितला. मग कपाट. बसला नाही.

"दिवा लागला होता," कोरली म्हणाली.

"लागतो अधूनमधून."

"मला नाही कधी दिसला."

"पहाटेचाच लागायचा. तू उठायच्या आत मी धुऊन टाकायचो. गेलं वर्षभर गुडघ्यामुळे धुणं राहून गेलं जरा, नुसता दिवा विझवायचो." गाडीचं तेल बदलायचं राहून गेलं, अशा आवाजात तो हे सांगत होता.

"बस खाली. पडशील." तो बसला. तिने कुबड्या घेऊन भिंतीला टेकवल्या. "का, केल?"

तो टेबलावरच्या कापडाची कड बोटाने सरळ करत राहिला.

"पॉसम," तो म्हणाला.

रात्री छपरांवर नाचणारा, मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा तो प्राणी; क्षणभर तिला वाटलं आताही छपरावर कुणी नाचतंय आणि हा विषय बदलतोय. "टाकीत," तो म्हणाला. "वरची जाळी कुरतडली गेली होती. पाणी प्यायला आला असेल उन्हाळ्याचा, आणि पडला. बाहेर येता आलं नाही त्याला."

"कधी?"

"जूनमध्ये, थंडीत. बऱ्याच नंतर."

कशाच्या नंतर ते तिने विचारलंच नव्हतं. त्यालाही ते त्याच क्षणी कळलं. बस चालवताना सिग्नल तुटला की ब्रेकवर पाय जावा तसा त्याचा चांगला पाय फरशीवर दाबला गेला.

"मशीन आणलंस तेव्हा फ्रिजवर फुलं होती," ती म्हणाली.

खिडकीवरचं ऊन आता सिंकमध्ये उतरलं होतं. त्याने नवा गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला. मग म्हणाला, "अंत्यविधीच्या आदल्या दिवशी. पाहुण्यांना चहा लागेल म्हणून टाकीत किती आहे बघायला चढलो."

"किती दिवस होता तो आत?"

"ते नको विचारूस."

"विचारतेय."

"खूप दिवस, कोरा."

तिला ओकारी आली नाही. तिला वाटलं होतं येईल. तिच्या जिभेवर एकच शब्द आला, गोड, आणि तो तिथेच बसून राहिला. "आपणही पीत होतो की," ती म्हणाली. वकिलासारखा आवाज काढून म्हणाली. "तू, मी. आपल्याला काय झालं?"

"आपण चहा पीत होतो. उकळलेला. गार फक्त ती पीत होती."

"मी देत होते."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"डॉक्टरांना?"

"फोन केला होता. बसच्या आगारातून. म्हणाले, तेही असेल, दवाखान्याबाहेरचं सँडविचही असेल, नुसतं वयही असेल. आता काही सांगता येणार नाही. मग मी काय घरी येऊन सांगायचं होतं? काही सांगता येणार नाही, हे सांगायचं?"

"हो," ती म्हणाली. "हेच सांगायचं होतंस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "नऊ वर्षं मला मूर्ख ठेवलंस तू. लोकांच्या घरी भुवया उडवत होते मी."

"त्या तर मला आवडायच्या," तो म्हणाला, आणि तिने इतक्या रागाने बघितलं की त्याने मान खाली घातली. त्याच्या मानेवर दवाखान्यातल्या पट्टीचा चिकट डाग राहिला होता. तो पुसावा असं तिच्या हाताला वाटलं आणि हाताला तसं वाटल्याचा तिला राग आला.

"मी प्यायलो, कोरा," तो कापडाकडे बघत म्हणाला.

"काय?"

"टाकी उपसायच्या आधी. त्याला बाहेर काढला, पुरला, आणि मग प्यायलो. गार. ती प्यायची तसं, ग्लास भरभरून. पाहुणे होते तोवर रोज."

ते दिवस तिला आठवत होते. घर माणसांनी भरलेलं, तिच्या मावश्या, व्हायालाचे शेजारी, आणि हा सारखा उठून मागच्या अंगणात जायचा. टाकी बघून येतो, म्हणायचा. काळ्या सुटात. आपली आई गेली आणि या माणसाला टाकी सुचतेय, हा राग तिने त्या गर्दीत कुणाला न दाखवता गिळला होता, आणि तो कधीच पूर्ण उतरला नव्हता. आता तिला टाकीमागची ती अरुंद जागा दिसली, पत्रा आणि कुंपण यांच्या मधली, उन्हाने तापलेली, आणि तिथे उभा असलेला, टाय सैल केलेला, ग्लास तोंडाला लावून डोळे मिटलेला एक माणूस. सकाळपासून तिला धक्क्यांवर धक्के बसले होते आणि प्रत्येक वेळी तिला जमीन थोडी खाली गेल्यासारखी वाटली होती. आता ती जमीन शोधायलाच विसरली.

"मग?" तिने विचारलं.

"काही नाही झालं. पोटात गुडगुडलंसुद्धा नाही. पण मी काही तुझ्या आईच्या वयाचा नव्हतो. त्यावरून काय कळणार?"

"आणि झालं असतं म्हणजे?" तिचा आवाज आता चढला, फुटला, तिच्या हातात राहिला नाही. "तुला काही झालं असतं म्हणजे, मूर्खा?"

केल्विनने वर बघितलं. त्याला हा प्रश्न खरोखरच अवघड वाटला नव्हता.

"मग कळलं असतं ना," तो म्हणाला.